काटेवाडीची मेंढरे आणि माणिकबागेचे गालिचे

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की दुपारच्या सुमारास काटेवाडीला येते. परीट मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग सुरू होते ते मेंढ्यांचे रिंगण. तेवढ्यासाठीच आम्ही घरची सारी मंडळी गेल्या आषाढात पुण्याहून पहाटे निघालो होतो. धनगरांनी हाळी दिली आणि मेंढ्यांचा कळप रथाभोवती गरगर धावू लागला. धूळ, टाळांचा गजर आणि लोकरीचा तो उग्र वास! नातवाने आधी नाकाला रुमाल लावला. मग रुमाल टाकून टाळ्या पिटायला सुरुवात केली.

रिंगण आटोपल्यावर एका वृद्ध धनगराशी बोलत बसलो. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी.

"बाबा, होळ गाव इथून जवळच ना?" मी विचारले.

"होळकरांचं होळ न्हवं? नीरंच्या कडंला. मल्हारबा आमचाच की, पाव्हणं!"

मला राहवले नाही. खिशातला फोन काढून मी एका गालिच्याचे छायाचित्र त्यांच्यापुढे धरले. म्हटले, "त्याच मल्हाररावांच्या गादीवरल्या राजाच्या महालातला हा गालिचा. मी पॅरिसला पाहिला."

त्यांनी हाताचा आडोसा करून बराच वेळ पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "लोकर कुठली?"

मी गप्प झालो. पॅरिसच्या त्या प्रदर्शनात मी दोन तास घालवले होते. हे काही मला सुचले नव्हते.

ते प्रदर्शन २०१९ सालचे. मुलीकडे पॅरिसला गेलो होतो. रिव्होली रस्त्यावर लूव्ह्रच्याच एका बाजूला सजावटीच्या कलांचे संग्रहालय आहे. तिथे इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांचा (१९०८–१९६१) संसार मांडला होता. संसारच म्हणायचा! खुर्च्या, पलंग, चांदीची भांडी, गालिचे. भिंतीवर बर्नार बुते द मोंव्हेलने रंगवलेले महाराज: एकदा काळ्या विलायती पोषाखात आणि एकदा मराठी पगडीत. शेजारी कागलकरांची लेक, महाराणी संयोगिताबाई. परमुलखात मराठी पगडी पाहून ऊर भरून आला, हे कबूल केले पाहिजे.

यशवंतराव ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी ओळख झाली. १९३० ते १९३३ या काळात त्याने इंदूरला माणिकबाग महाल उभा केला. वास्तुशिल्पी जर्मन, पण आतली कितीतरी सजावट पॅरिसची. रुलमानचे एबनी लाकडाचे मेज, सोन्यो आणि आलिक्स या जोडीचे धातूचे आणि काचेचे पलंग, प्युइफोर्काची चांदी, आयलीन ग्रेची आरामखुर्ची. १९२५ साली पॅरिसला सजावटीच्या कलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. 'आर्ट डेको' हे नाव पुढे त्याच्यावरूनच पडले. त्या नव्या वाऱ्याचा हा महाल.

इंदूरलाच वडिलांच्या पिढीचा लालबाग महाल आहे. तिथे सोनेरी वेलबुट्टी, रंगवलेली छते, झुंबरे, नाचासाठी स्प्रिंगांवर बसवलेली जमीन. चौदाव्या-पंधराव्या लुईच्या दरबाराची ही आठवण युरोपभर नक्कल होत होत इथवर पोचलेली. मुलाने ते सारे बाजूला सारले. मला विचाराल तर लालबागेत जीव घुसमटतो.

आता गालिच्याकडे येतो. फ्रान्सला गालिच्याचे वेड जुने. पॅरिसजवळ सतराव्या शतकात राजाश्रयाने एक कारखाना चालला. आधी तिथे साबण होत असे, म्हणून नाव 'सावोनरी'. चौदाव्या लुईने लूव्ह्रच्या एका लांबलचक दालनासाठी तिथे त्र्याण्णव गालिचे सांगितले! सगळे फुलापानांनी आणि राजचिन्हांनी भरलेले. माणिकबागेसाठी गालिचे देणारा इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स हा मात्र निराळा. पॅरिसला राहणाऱ्या या कलावंताला वाट सापडली ती मोरोक्कोतल्या बर्बर लोकांच्या गालिच्यांत. मेंढरे राखणाऱ्या लोकांचे ते जाडेभरडे विणकाम, सरळ रेघा आणि मोजके रंग. म्हणजे पहा, होळच्या मेंढपाळाच्या घराण्याने पॅरिसहून उंची म्हणून जे आणले, त्याची मुळे दुसऱ्या मेंढपाळांच्याच पालात!

ते गालिचे आता माणिकबागेत नाहीत. १९६१ मध्ये महाराज वारले आणि १९८० साली बरेचसे सामान मोनॅकोला लिलावात गेले. ब्रांकुशीचे तीन पक्षी महाराजांनी घेतले होते. त्यांतले संगमरवरी दोन ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत आणि ब्राँझचा अमेरिकेत. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर व्हायचे होते, ब्रांकुशी त्यासाठी हिंदुस्थानात येऊनही गेला; पण आदल्याच वर्षी, १९३७ साली, महाराणी गेल्या होत्या. मंदिर राहिलेच. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्याची वस्तू त्याचा अधिकार. पण संस्थानाची तिजोरी भरली होती रयतेने, आणि त्या रयतेच्या नातवंडांना हे पाहायचे तर विमानाचे तिकीट काढावे लागते, हे मनाला लागते. माणिकबागेत आता केंद्र सरकारची कर-कचेरी आहे. दिवाळीआधी इंदूरला गेलो, तेव्हा रस्त्यावरूनच त्या साध्या, सरळ रेषांच्या भिंती पाहून परतलो.

काटेवाडीहून निघताना मी त्या बाबांच्या घोंगडीवरून हात फिरवला होता. चिंचोक्याची खळ दिलेली, कडक, टोचरी.

"ही कुणी विणली?"

"सणगरानं. लोकर आमचीच." मग माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या तुमच्या गालिच्याची कड मातूर चांगली धरलीया. पुन्यांदा जाशिला तवा उलटा करून बघा. मागनं कळतंय."