कचऱ्याची उंची

मोतीबिंदू काढून आठवडा झाला. आर. के. पुरममधल्या आमच्या गच्चीवरून मलाई मंदिराचा कळस पाहिला, तर तो बुटका वाटला. त्या रात्री झोप लागली नाही.

रडारवरच्या लाटा म्हणजे नाविकाच्या लेखी कचरा. होड्या नीट दिसाव्यात म्हणून तो बटण फिरवून लाटा पुसून टाकतो. आमची रोजीरोटी त्याच कचऱ्यावर. 1985 मध्ये यंग, रोझेन्थाल आणि झीमर यांनी रडारच्या चित्रमालिकेतून लाटांची दिशा काढून दाखवली, त्यानंतर दिशा, लांबी, काळ यांवर वाद फारसा उरला नाही. जहाजाची चालही हिशेबात बसते. 8 सेकंदांची, 100 मीटर लांबीची लाट 12 नॉटनं जाणाऱ्या जहाजाला समोरून आली तर सव्वापाच सेकंदांनी भेटते. मागून आली तर सोळांनी.

अडतं ते उंचीपाशी. 3 सेंटिमीटरच्या रडारलहरींना उंची दिसतच नाही. दिसतात त्या वाऱ्यानं उठवलेल्या दीड सेंटिमीटरच्या सुरकुत्या, आणि माथ्यामागची सावली. वारा पडला की दोन पुरुष उंचीची लाटसुद्धा पडद्यावरून गायब. म्हणून लाटेचा उजेड आणि बाकीची खरखर यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घ्यायचं आणि दोन स्थिरांक बसवायचे. ते मिळतात लाटा मोजणाऱ्या बोयापाशी. पण बोया नांगरलेला आणि आपण चालते. वारा बदलला, समुद्र बदलला, तरी स्थिरांक तेच.

उपग्रहवाले 2013 पासून ‘सरल’वरून उंची मोजत, पण उपग्रहाच्या वाटेखाली येईल तेवढीच. हल्लीची पोरं तर सगळंच यंत्राला शिकवतात. मी नाक मुरडतो. परवा त्यांतल्याच एकीनं फोनवर विचारलं, “सर, तुमचे स्थिरांक आले कुठून?”

“बोयावरून,” मी म्हणालो.

खोटं. आगोटीचे दिवस होते, रत्नागिरीपासून बरंच बाहेर. यंत्र 1.9 मीटर म्हणत होतं. आमच्या सारंगानं कठड्याला रेलून एकदा पाहिलं आणि सांगितलं, “दीड पुरुष.” मी स्थिरांक सरकवत आकडा 2.6 वर आणला. दुसऱ्या दिवशी यंत्र आणि सारंग तंतोतंत जुळले. पुढे कितीतरी सभांत मी तो आलेख मिरवला: अनुभवी डोळ्यानं दिलेला दाखला म्हणून! टाळ्या पडल्या, त्या गोडही लागल्या.

सारंग तेव्हा निवृत्तीला टेकला होता. चहाचा कप उचलताना त्याचा हात आधी कपाच्या शेजारी पडायचा. जहाज हलतंय म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो.