मामूंचे ताट

मामूंच्या मानेला गाठी आल्या, तेव्हा त्यांना एच.आय.व्ही. असल्याचे घरात कळून दोन महिने झाले होते. मुमानीने त्यांचे ताट, पेला वेगळा केला होता. कुणी तिला अडवले नाही, मीही नाही.

गाठी टीबीच्या समजून औषधे सुरू झाली. आपल्याकडे बहुतेकदा टीबीच निघतो, म्हणून डॉक्टरांना दोष देत नाही. पण तीन महिन्यांत गाठी वाढल्याच, रात्री घामाने गादी भिजायची. अखेर एक गाठ काढून तपासली. लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. त्याच्या पेशींत एपस्टाईन-बार विषाणू सापडला. तो हर्पीसच्या घराण्यातला, हे ऐकताच मुमानी उठून बाहेर गेली.

मोठ्या डॉक्टरांनी तिला परत बोलावून बसवले. म्हणाले, "एच.आय.व्ही. ताटातून येत नाही. आणि हा दुसरा, १९६४ साली सापडलेला, लाळेतून येतो खरा, पण तो लहानपणीच येऊन बसलेला असतो. तुमच्यातही असेल, माझ्यातही. पांढऱ्या पेशींत झोपून राहतो. एच.आय.व्ही.ने शरीराची राखण मोडली की त्याला रान मोकळे." १९९४ साली सापडलेला त्याचा एक भाऊबंद, आठव्या क्रमांकाचा, कॅसलमन नावाच्या आजारात अशाच गाठी आणतो, हेही त्यांनीच सांगितले. गाठ तपासल्याशिवाय ओळखू येत नाही.

किमो आणि एच.आय.व्ही.ची औषधे दोन्ही चालू आहेत. सूज उतरली आहे. रोजे डॉक्टरांनी मना केलेत, ते मामूंना फार लागले. परवा इफ्तारला मुमानीने खजुराची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यातलाच एक स्वतः उचलला.