बेसची परीक्षा डग्ग्यावर

इअरफोनचा बेस जोखायचा तर मी आधी डग्गा ऐकतो. ध्वनिमुद्रणाच्या कामात कान त्यावरच तयार झाला. विलंबित तीनताल लावावा आणि फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्यावं. 'धा' वाजला की डग्ग्याची आस मागे राहते, मनगटाच्या दाबाने ती वर चढते, पुन्हा उतरते. चांगल्या इअरफोनवर ही मींड सुरासकट कळते. वाईट इअरफोनवर नुसतं 'धम्म' होतं. दुसरी खूण 'क'ची. तो बंद बोल. हात पडला की आवाज तिथेच संपायला हवा. मागे घुमारा उरत असेल, तर तो डग्ग्याचा नाही, इअरफोनचा आहे.

बेस किती आहे आणि कसा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्वस्त इअरफोन बनवणारे बहुतेक जण पहिल्याचंच उत्तर देतात. दुकानात गिऱ्हाईक अर्धा मिनिट ऐकतं, त्यात जो दणदणीत वाजतो तो विकला जातो. म्हणून १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा फुगवलेला असतो. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज येतो सुमारे १३९ हर्ट्झवर, म्हणजे नेमका त्या फुगवट्यात. शिवाय खालचे स्वर जोरात असले की वरच्या स्वरांना झाकून टाकतात. आपल्या कानाची रचनाच तशी आहे. मग गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो आणि तानपुऱ्याची जवारी हरवते. खरा खोल बेस याच्याही खाली, साधारण ६० हर्ट्झच्या आत असतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. तिथे उठाव दिला तर गाण्याला पाया मिळतो आणि गळा मोकळा राहतो.

स्वस्तातल्या तीन इअरफोनमध्ये हा फरक लख्ख दिसतो. केझेडचा झेडएसएन प्रो एक्स सिनेमाच्या गाण्यांना जोरकस ठेका देतो, पण त्यात खालचा आणि वरचा भाग पुढे, गळा मागे. मूनड्रॉपचा चू २०२२मध्ये २० डॉलरच्या आसपास आला. त्यात एकच १० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा भाग. बेस बेताचा, पण 'क' कोरडा, गळा खरा. त्याच वर्षी सुमारे ५० डॉलरला आलेल्या ट्रूथिअर झीरोमध्ये १० आणि ७.८ मिलिमीटरचे दोन ड्रायव्हर आहेत, मोठा खालच्या स्वरांसाठी. त्याचा उठाव खोल पट्ट्यातच राहतो, म्हणून डग्गा भरदार आणि गळा स्वच्छ. माझी पसंती यालाच. मात्र त्याची नळी जाड आहे. लहान कानांना ती टोचू शकते.

नुसता ड्रायव्हरचा आकार बघून काही कळत नाही. कान नीट बंद झाला की आतली हवा जेमतेम दोन घनसेंटिमीटर उरते. एवढ्याशा हवेत पडदा किंचित हलला तरी पुरेसा दाब तयार होतो. फट राहिली की हा दाब निसटतो. बेस जातो, वरचे स्वर मात्र तसेच राहतात. 'यात बेसच नाही' अशा तक्रारीमागे बऱ्याचदा चुकीच्या मापाचं रबर असतं. इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून पाहा. बेस एकदम वाढला, तर माप चुकलंय. खोक्यातली बाकीची रबरं लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागणंही अगदी स्वाभाविक आहे.

लोकलच्या किंवा एसटीच्या घरघरीत सगळ्यात आधी बुडतो तो बेस, आणि तो परत मिळवायला लोक आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं प्रौढांसाठी सुरक्षित. आवाज त्यावर गेला की ही मुदत झपाट्याने घटते. घट्ट बसलेलं रबर बाहेरचा गोंगाटही अडवतं, त्यामुळे कमी आवाजातही बेस ऐकू येतो. तेव्हा या दिवाळीत नवे इअरफोन घेणार असाल, तर खोक्यावरच्या 'एक्स्ट्रा बेस'वर जाऊ नका. फोनमध्ये एखादा विलंबित ख्याल घेऊन दुकानात जा, आपल्या मापाचं रबर लावा आणि मगच पैसे द्या.