गवताचे झाड

दिवाळीचा आकाशकंदील ज्या कामट्यांवर उभा राहतो, त्या गवताच्या असतात असे कुणी म्हटले, तर घरातली मुले खदखदून हसतील. गवत म्हणजे गाय खाते ते! पण वनस्पतिशास्त्र बांबूला तृणकुलातच बसवते. भात, गहू, ज्वारी, ऊस ही सारी त्याची भावंडे. पेऱ्यापेऱ्यांचे खोड पाहावे, बेट फुलल्यावर येणारे भातासारखे दाणे पाहावेत, म्हणजे नाते पटते. आपल्या अमरकोशाने तर वेळूला 'तृणध्वज' आणि 'यवफल' अशी नावेच देऊन ठेवली आहेत!

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जाऊन बांबूला गवत म्हणायचे की काय? मी तरी म्हणणार नाही. जे माडीहून उंच वाढते, सावली धरते, त्याला माणूस झाडच म्हणणार. बुरुडाला त्यात सूप नि टोपली दिसते. गृहिणीला पावसाळ्यात कोवळ्या वास्त्यांची भाजी दिसते. शास्त्र गोत्र विचारते, संसार उपयोग विचारतो. दोघांचेही आपापल्या जागी बरोबरच असते.

पंचाईत होते ती बोलण्यातला सैल शब्द कायद्यात जाऊन बसला म्हणजे. 1927 च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दात बांबूही घातला. झाड तोडले की त्याचे झाले इमारती लाकूड. आणि सरकारी रानातल्या लाकडावर गावाचा हक्क कुठला? घराशेजारी बेटे डोलत असली, तरी बांबू विकायचा झाला की वाहतूक परवान्यासाठी वनखात्याचे दार गाठायचे! एका शब्दाने केवढी माणसे अडवून धरली!

पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. त्या बळावर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने आपला हक्क मागितला, नि एप्रिल 2011 मध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावाचा बांबू गाव विकू लागले. 2017 साली 1927 च्या कायद्यातल्या 'झाडा'तूनही बांबू वगळला गेला, आणि रानाबाहेर, शेताच्या बांधावर लावलेला बांबू मोकळा झाला.

नव्वद वर्षे बांबू कायद्याने झाड होता. या काळात तो स्वतः तसूभरही बदलला नाही. आपण घरात त्याला खुशाल झाड म्हणावे. पण ज्या शब्दावर दुसऱ्याची भाकर अवलंबून असते, तो लिहिताना मात्र शास्त्राला एकदा विचारून घ्यावे, आणि त्या रानात राहणाऱ्यालाही.