दाताचं गाव

पार्सल फोडायला मैथिलीने कात्रीसुद्धा शोधली नाही, चिकटपट्टी दातांनीच तोडली. आत फुगेवाल्या प्लास्टिकचे चार पदर, त्यात कापूस, कापसात माझ्या अंगठ्याएवढा पिवळट तपकिरी सुळा आणि सोबत एक गुळगुळीत कार्ड : 'डायनासोरचा दात, अस्सल'. दीड हजार रुपये, घरपोच.

"काका, खरा आहे का बघ ना."

असा दात हातात आला की माझ्या तोंडून आधी तमिळच निघतं. "एंग केडच्चदु?" म्हणजे, कुठे मिळाला?

"फोनवर," ती म्हणाली.

प्रश्न मुळात माझा नाही. १९७८ साली, मी सातवीत असताना, एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातल्या एका गृहस्थांनी तो मला विचारला होता. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग, खिशात काड्यापेटी. मी रुमालाची गाठ सोडून त्यांच्यापुढे सात दात ओतले आणि ऐटीत विचारलं, हे कोणाचे? त्यांनी दातांकडे पाहिलंच नाही. कुठे मिळाले, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नानांनी दिले. "नाना म्हणजे गाव नव्हे," ते म्हणाले आणि रुमालाला गाठ मारून त्यांनी दात परत दिले.

आमचे आप्पा मूळचे साताऱ्याचे. पेरंबूरला रेल्वेचे डबे बनवणाऱ्या आयसीएफमध्ये लागले आणि मद्रासचेच झाले. दगडांविषयी त्यांचं एकच मत होतं, ते त्यांनी जन्मभर बदललं नाही. "आपल्याकडचा दगड आगीतून आला, इथला पाण्यातून. आपल्या कातळात काय मिळणार? गारगोट्या." नाना हे त्यांचे स्नेही, अरियलूरच्या बाजूला एका सिमेंट कारखान्यात हिशेबनीस. दिवाळीला आमच्याकडे यायचे, आईच्या हातचा चिवडा डबाभर न्यायचे आणि त्याच डब्यातून पुढच्या खेपेला दात आणायचे. चुनखडीच्या खाणीत दगड फोडणाऱ्या बायांना ते मिळत. त्या मुलांना खेळायला देत, मुलं नानांना देत, नाना मला.

अरियलूर हे नाव आमच्या रेल्वेच्या घरात मात्र वेगळ्याच कारणाने घेतलं जाई. १९५६ च्या नोव्हेंबरात तिथे पुरात पूल गेला, गाडी नदीत कोसळली आणि लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. त्यामुळे पुढच्या मे महिन्यात मी 'नानांकडे जाऊ' म्हणून हट्ट धरला तेव्हा आप्पांनी निघायच्या आधी आभाळ पाहिलं होतं. मे महिन्यात!

तेव्हा त्या मार्गावर मीटर गेज. एग्मोरहून बसलो की अंग आंबून जाईपर्यंत गाडी चालायची. नानांनी आम्हाला आधी खाण दाखवली आणि दुसऱ्या दिवशी कारैला नेलं. कारैची ती घळघळून गेलेली जमीन ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगणं कठीण. पावसाने ओरबाडलेल्या मातीच्या शेकडो घळी, झाड म्हणून नाही आणि पायाखाली जिप्समच्या पापुद्र्यांचा चकचकाट. दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. खडूच्या कांडीसारखे बेलेम्नाइट पायाला लागायचे आणि अमोनाइट तर गाडीच्या चाकासारखे पडलेले. आईने एक लहानसा उचलून घरी देव्हाऱ्यात ठेवला. साताऱ्याहून आजीचं पत्र आलं : शाळिग्राम गंडकीचाच लागतो, दुसरीकडचा तो दगड. आई रागावली होती. मला आता वाटतं, संग्रहालयातले ते गृहस्थ आणि माझी आजी एकाच शाळेत शिकले असावेत.

गावाचं नाव घेऊन मी पुन्हा एग्मोरला गेलो तेव्हा गृहस्थांनी काड्यापेटी काढली. काडीच्या टोकाने एकेक दात उलटा केला. हात लावायचा नाही, आधी बघायचं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. पण हा प्राणी जन्मभर दात पाडत असतो, जुना गळला की मागचा पुढे सरकतो, असे हजारो. म्हणून समुद्राच्या तळाशी शार्क शोधाल तर दातच सापडणार. मग त्यांनी माझं बोट धरून नखाने दाताची धार चाचपायला लावली. एकाची धार करवतीसारखी, टोक पोपटाच्या चोचीसारखं मागे वळलेलं : स्क्वालिकोरॅक्स. दुसऱ्याची धार सुरीसारखी गुळगुळीत आणि मुख्य सुळ्याच्या दोन बगलांना दोन बुटके सुळे, आईचा पदर धरून उभ्या राहिलेल्या पोरांसारखे : क्रेटालॅम्ना. तिसऱ्याला मी दगड समजून जवळजवळ टाकून दिलं होतं. वर फुगीर, त्यावर आडव्या वळ्या, धार अशी नाहीच. तो टायकोडस, शिंपले अडकित्त्यासारखे फोडून खाणारा. रंगावर जाऊ नको, त्यांनी बजावलं. काळा म्हणजे जुना असं नसतं, ज्या मातीत पडला त्या मातीचा रंग घेतो. आणि घासू नको. मुळाच्या खाचेत जो खडक अडकलेला असतो तो त्याचा दाखला आहे.

सगळं त्यांनी पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिलं. शाई पाण्याने जाते, पेन्सिल जात नाही.

त्या दिवशी मी आणखी एक दात नेला होता, आमच्या वसाहतीच्या मैदानात सापडलेला, आणि तो डायनासोरचा असल्याची माझी खात्री होती. त्यांनी तो माझ्याकडे वळवून चावायच्या बाजूवरच्या चंद्रकोरी दाखवल्या आणि विचारलं, घरी दूध कुठून येतं? गाईची दाढ होती. पुढे कित्येक वर्षं मी रवंथ करणाऱ्याची दाढ दुरून ओळखायचो. विद्या लाजेने पक्की होते.

शार्क ताडून पाहायला घरचाच होता. आई रत्नागिरीची, तिला मुशीचं सुकं लागायचं. मद्रासमध्ये मुशी मागितली की कोणाला कळत नसे. कासीमेडूच्या बंदरावर तिला कळलं की इथे मुशीला सुरा म्हणतात आणि तिचं पुट्टू करतात, उकडून, कुस्करून, लसूण-मिरचीवर परतून. बाळंतिणीला देतात म्हणे. आईने ते शिकून घेतलं आणि मी कोळणीकडून एक जबडा मागून घेतला. गच्चीत वाळत घातला तर कावळ्यांनी अर्धा नेला. उरलेल्या अर्ध्यावर मी ओळी मोजल्या. पुढच्या, मधल्या आणि कोपऱ्यातल्या दातांचे आकार एकाच तोंडात किती वेगळे असतात हे तेव्हा कळलं. नानांच्या डब्यातल्या ज्या तीन दातांना मी तीन प्राणी ठरवून ठेवलं होतं, ते बहुधा एकाच तोंडातले होते.

भिंग मी मूर मार्केटमधून घेतलं, साडेसात रुपयांना, घासाघीस करून. सेंट्रल स्टेशनशेजारची ती लाल इमारत १९०० साली उघडलेली. जुनी पुस्तकं, पोपट, तबकड्या, शंख, सगळं तिथे. ३० मे १९८५ ला ती जळाली. आज तिथे लोकल गाड्यांचं स्थानक आहे. तारीख माझ्या लक्षात राहिली ती आणखी एका ३० मेमुळे. १८६३ साली त्याच दिवशी रॉबर्ट ब्रूस फूट यांना पल्लावरमला अश्मयुगीन दगडी हत्यार सापडलं होतं. आज विमानतळाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकतो तेच पल्लावरम. फूट यांचा संग्रह एग्मोरलाच आहे आणि त्यांच्या सूचीत दगड लावलेत ते जिल्ह्यावार, गावावार.

फूटच्याही आधीची गोष्ट संग्रहालयातल्या गृहस्थांनी सांगितली होती. १८४० च्या सुमारास मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या के आणि कन्लिफ या दोन अधिकाऱ्यांनी पाँडिचेरी, विरुदाचलम आणि तिरुचिरापल्लीच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे पाठवले. पेशाने दोघेही शास्त्रज्ञ नव्हते, आमच्यासारखेच हौशी. शंखशिंपले एडवर्ड फोर्ब्सने ओळखले, माशांचे अवशेष सर फिलिप एगर्टनने, १८४५ मध्ये. बोटीने पेट्या जायच्या, उत्तर यायला वर्षं लागायची. के आणि कन्लिफ यांची नावं निबंधाच्या मथळ्यात छापली गेली. त्यांच्यासाठी उन्हात वाकून दात वेचणारे कोण होते, ते कुठेच नाही.

आता उत्तराला चार सेकंद लागतात. मैथिलीने फोटो काढला आणि फोनने सांगितलं : मोसासॉर, मोरोक्को. बरोबर सांगितलं. सुळा शंकूसारखा, दोन बाजूंना दोन उभ्या कडा, खाली सुजलेलं सच्छिद्र मूळ, त्याला चिकटलेली फिकट वाळू. मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेटच्या खाणींतून असे दात निघतात आणि जगभर विकले जातात. मोसासॉर हा समुद्रातला, सरडे-सापांच्या नात्यातला. डायनासोर नव्हे. कार्ड खोटं होतं, दात खरा असू शकत होता.

"असू शकतो म्हणजे?"

मी दाभण गॅसवर लाल केलं. सुळ्याच्या टोकाला टेकवलं, काही नाही. मुळाला टेकवलं तर स्वयंपाकघरभर प्लास्टिक जळल्याचा वास. वहिनी बाहेरून ओरडली. वरचा सुळा खरा, खालचं मूळ वाळू आणि गोंदाचं. हा धंदा तिकडे जुना आहे. असे सुटे खरे दात गोंदवाळूत रोवून अख्खे जबडेही करतात.

मैथिली हिरमुसली नाही, उलट भिडली. "पण काका, विकतच्या दातातूनही शोध लागलेत. जायगँटोपिथेकसचा दात औषधाच्या दुकानातला होता." खरं आहे. १९३५ साली फॉन क्योनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगमध्ये चिनी औषधांच्या दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून विकायला ठेवलेली ती दाढ मिळाली आणि तिच्यावरून जगातला सर्वांत मोठा वानर कळला. पण तो राहायचा कुठे? दाढ सांगेना. त्याचा जबडा जमिनीतून, जागेवर मिळायला १९५० चं दशक निम्मं उलटावं लागलं, ग्वांगशीतल्या एका गुहेत. दुकानाला गाव नसतं.

याच्या उलट अरियलूर जिल्ह्यातला कल्लमेडूचा दात. पोत्यांनी माती उचलायची, चाळणीतून धुवायची, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडायचा. अशा कामातून मिळालेल्या एका, फक्त एका, इवल्याशा दातावरून २०१३ साली जाहीर झालं की ट्रूडोंटिड कुळातले डायनासोर भारतात होते. तोवर ते उत्तरेकडच्या खंडांतलेच मानले जात. तोच दात कापसात गुंडाळून घरपोच आला असता तर दीड हजारांचाही भरला नसता.

आणि आप्पांचं काळ्या कातळाबद्दलचं मतही पुरतं खरं नव्हतं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जे तळ्यांचे गाळ सापडले त्यांत दात आहेत. नागपूरजवळच्या टाकळीच्या एका दाताला लायडेकर यांनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शाकाहारी मॅसोस्पाँडिलसच्या घरात बसवलं होतं. पुढच्यांनी तो मांसाहाऱ्याचा ठरवून बाहेर काढला. तेलंगणात नास्कलला मिळालेल्या, कणीएवढ्या दातांच्या सस्तन प्राण्याचं १९८८ मध्ये डेक्कनोलेस्टिस हिस्लोपाय असं नाव ठेवलं गेलं, नागपूरच्या पाद्री हिस्लॉपवरून. आप्पा तोवर निवृत्त होऊन साताऱ्याला गेले होते. मी पत्रात कळवलं. त्यांनी उत्तरात पावसापाण्याचं लिहिलं.

जुनं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. आम्ही कारैहून गोणी भरून आणली आणि आमच्यामागून वर्षानुवर्षं सहलींच्या बसेस आल्या. चाकाएवढे अमोनाइट आता तिथे पायाला लागत नाहीत. खाणींना कुंपण आणि पहारा आहे. वारणवासीला जीवाश्मांचं संग्रहालय झालं आहे आणि भूवारसा जपण्यासाठीच्या कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये आला. सातवीतल्या पोराने रुमालात दात बांधून आणणं ही गोष्ट आज कोणी कौतुकाने सांगू नये. मी सांगतो आहे, ते वेगळं.

मैथिली म्हणाली, तुझे दाखव. बोर्नव्हिटाचा डबा माळ्यावरून काढला. बारा दात. चिठ्ठ्याही होत्या, सगळ्या तळाशी, एकात एक घडी झालेल्या. १९८४ मध्ये घर बदलताना मी नानांच्या खाणीतले आणि कारैचे दात एकाच डब्यात ओतले होते. आणि त्याआधी आई 'मढ्याची माती घरात नको' म्हणाली म्हणून टूथब्रशने घासून लख्ख केले होते. अकरा दात शोकेसमध्ये शोभतील असे चकचकीत. कारै की खाण? मी भिंग लावून पाहिलं, मुळाच्या खाचा धुतलेल्या ताटासारख्या.

बारावा कधी घासला नव्हता, कारण तो मला दात वाटतच नव्हता. मुठीएवढा पांढुरका गोळा, त्यातून नखाएवढं टोक बाहेर आलेलं. अर्धवट म्हणून कोपऱ्यात टाकलेला. मैथिलीने तो उलटा केला. मागच्या बाजूला जाड, थरांथरांचं कालव घट्ट रुतलेलं. ग्रायफिया. कल्लंकुरिचीची चुनखडी अशा कालवांनी भरलेली असते. कारैच्या चिकणमातीत हा प्रकार नाही.

"हा खाणीतला," मी म्हटलं. "नानांचा."

तिने वहीचा कागद फाडून पेन्सिल घेतली. 'शार्क, प्रकार अनिश्चित. कल्लंकुरिची चुनखडी, अरियलूर.' खाली 'आणणारे' लिहून थांबली.

"नानांचं पूर्ण नाव काय, काका?"

मी तोंड उघडलं. आप्पा असते तर त्यांनी सांगितलं असतं.

"आम्ही नानाच म्हणायचो," मी म्हणालो.