सौनाचे दगड

फिनलंडमधल्या सौनाला २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. लाकडी खोली, दगडांनी भरलेली शेगडी आणि त्या तापल्या दगडांवर शिंपडायचे पाणी, एवढाच सौनाचा संसार. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी कुंभीस्वेदात काढ्याच्या भांड्यात तापलेले लोखंडी गोळे किंवा दगड टाकून वाफ काढतात. अश्मघनस्वेदात तापवलेल्या शिळेवर रुग्णाला निजवतात. दगडाने उष्णता साठवावी आणि सावकाश परत द्यावी, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून. तिथे माझ्या भाच्याचा विजेचे हीटर बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. त्याने सौनाची पहिली शेगडी करायला घेतली आणि दगडांपाशी काम अडले. परदेशी दगड परवडेनात. "मामा, अख्खं नाशिक काळ्या दगडावर उभं आहे आणि मी दगड बाहेरून मागवू?" हा त्याचा प्रश्न.

प्रश्न बिनतोड होता. फिनलंडमध्ये सौनासाठी वापरतात तो ऑलिव्हिन डायबेस आपल्या बेसाल्टच्या कुळातलाच. फक्त जमिनीखाली अधिक सावकाश थिजलेला. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे कॅल्साइट, गारगोटी आणि झिओलाइट यांचे स्फटिक वाढले. अंबडहून जवळच असलेल्या पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींतले स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय अशा खनिजांसाठीच प्रसिद्ध आहे.

घोटाळा इथेच आहे. स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ साली ग्रीक शब्दांवरून 'झिओलाइट' हे नाव योजले. त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. कारण तापवताच त्याच्या आतले पाणी खदखदून बाहेर येते. म्हणजे आमच्या भूमीतला सर्वांत देखणा दगड शेगडीला सर्वांत अयोग्य. तो तापणार, पाणी सोडणार, ठिसूळ होणार, कदाचित तडकून उडणार. आणि समोर उघड्या अंगाने माणूस बसलेला असणार.

म्हणून पाथरवट जात्याचा दगड पारखतो तशी पारख आम्ही सुरू केली. दगड हाताला आकाराच्या मानाने जड लागावा, हातोडीखाली खणखणीत वाजावा, ताज्या फुटीवर छिद्र किंवा पांढरा ठिपका दिसू नये. नदीतले गुळगुळीत गोटे मोहक असतात. पण बारीक चिरांत मुरलेले पाणी तापले की तेही फुटू शकतात. निवडलेले दगड भट्टीत तापवून, दूर उभे राहून, चिमट्याने पाण्यात सोडले. तीन पाट्यांतली एक पाटी उरली.

मग मांडणी. दगड धुऊन घ्यायचे. मोठे तळाशी, लहान वर, लांबट असतील ते उभे. तापणाऱ्या नळ्यांच्या मध्ये दगड ठोकून बसवायचे नाहीत, त्यांचा भारही नळ्यांवर येऊ द्यायचा नाही. वरून नळ्या दिसू नयेत, तरी खालून वर हवा खेळती राहावी. गच्च रचले तर हवा कोंडते आणि नळ्या जळतात. भाचा गवंड्याच्या नेटकेपणाने सांधे जुळवू लागला, तेव्हा जन्मभर चूल फुंकलेली माझी बहीण म्हणाली, "चूल कोंबली की धुमसते रे." त्याने दगड उतरवले आणि सैल हाताने पुन्हा रचले. हे काम एकदा करून संपतही नाही. वर्षाकाठी दगड उतरवून, भुगा झाडून, भुसभुशीत झालेले काढून टाकावे लागतात.

आता शेगडीच्या दरपत्रकात दगडांची वेगळी ओळ असते. "दगडांचे कसले पैसे?" असे गिऱ्हाईक हटकून विचारते. ते पैसे टाकून दिलेल्या दोन पाट्यांचे असतात, हे भाच्याला अजून नीट सांगता येत नाही.