कोरडा हात, ओला आवाज

सर्फ संगीताचा विषय निघाला की गिटारवाले आधी डब्याचं विचारतात. रीव्हर्ब कुठला, टाकीत स्प्रिंगा किती, डबा मूळचा की नंतर पुन्हा काढलेला, आणि तो भिजलेला, टपटपणारा आवाज यायला कुठलं बटण किती फिरवायचं. चौकशीत गैर काही नाही. 1960 नंतरच्या तीन-चार वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे वाद्यसंगीत उभं राहिलं ते ठरावीक सामानावरच: फेंडरची गिटार, फेंडरचा अँप आणि 1961 मध्ये फेंडरनंच आणलेला स्प्रिंग रीव्हर्बचा स्वतंत्र डबा. पण सामान जमवलं की आवाज आपसूक येतो, हे मला पटत नाही. माझं म्हणणं असं, की सर्फचा ओला आवाज कोरड्या हातातून निघतो. हात जितका तुटक, जितका तार दाबून धरणारा, तितकी स्प्रिंग बोलते. हात सैल पडला की गिटार तीच, डबा तोच, पण कानावर येते ती न्हाणीघरातली गुणगुण.

डबा उघडून पाहिला तर आत फारसं काही नसतं. सुमारे 17 इंच लांबीची पत्र्याची उथळ टाकी, तिच्यात ताणून बसवलेल्या बारीक स्प्रिंगा, एका टोकाला गिटारच्या सिग्नलवर हलून स्प्रिंगला पीळ देणारं वेटोळं-चुंबक आणि दुसऱ्या टोकाला त्या पिळाची पुन्हा वीज करणारं तसलंच दुसरं. ही युक्ती मुळात गिटारसाठी काढलेलीच नव्हती. हॅमंड कंपनीनं ती आपल्या ऑर्गनसाठी राबवली, कारण चर्चमध्ये जो घुमारा फुकट मिळतो तो दिवाणखान्यात मिळत नाही. फेंडरनं टाकी हॅमंडचीच घेतली. आवाजाला स्प्रिंगच्या या टोकाकडून त्या टोकाला जायला सेकंदाचा साधारण तिसावा-पंचविसावा भाग लागतो. तिथे आपटून तो मागे फिरतो, पुन्हा येतो, हळूहळू विरतो. खरी गोम पुढेच आहे. हवेत सगळे आवाज एकाच वेगानं जातात, स्प्रिंगमध्ये जात नाहीत. जाडे-बारीक स्वर वाटेत पुढेमागे होतात, त्यामुळे आत ‘टक’ गेलं तर बाहेर ‘टुंय’ येतं. देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवा, घुमारा मिळेल, पण हा ‘टुंय’ मिळणार नाही. सर्फवाले ज्याला ड्रिप म्हणतात, थेंब पडल्यासारखा तो आवाज, तो हाच. आणि तो ऐकू यायचा तर आत गेलेलं ‘टक’ आखूड हवं, त्याच्यामागे क्षणभर रिकामी जागा हवी. लांबवलेला सूर स्वतःचंच उत्तर बुजवून टाकतो.

सतार-सारंगीच्या तरफांशी याची तुलना सुचते, आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे: आपण एका तारेला हात लावायचा आणि दुसरंच काहीतरी मागे बोलू लागायचं. फरक एवढाच, की तरफा रागाप्रमाणे लावून घेता येतात. स्प्रिंगेला सूर नाही, ती लावता येत नाही. वाजवणाऱ्याच्या ताब्यात दोनच गोष्टी उरतात, त्याचा आघात आणि डब्यावरची तीन बटणं. त्यांपैकी ‘मिक्स’ आणि ‘टोन’ नावाप्रमाणे वागतात. ‘ड्वेल’ नावानं फसवतं. ते वाढवलं की घुमारा लांबतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते स्प्रिंगेला किती जोरानं झटका द्यायचा ते ठरवतं. शिवाय हा डबा गिटार आणि अँप यांच्या मध्ये बसतो, म्हणजे स्प्रिंगेचं उत्तर अख्ख्या अँपमधून मोठं होऊन बाहेर पडतं. 1963 च्या व्हायब्रोव्हर्बपासून फेंडरनं रीव्हर्ब अँपच्या पोटातच घातला. तिथे तो प्राथमिक वर्धनाच्या नंतर येतो आणि ड्वेल वाजवणाऱ्याच्या हातातून जातो. त्या अँपचा आवाज सुरेख, पण सर्फसाठी थोडा सभ्य. आता कुणी म्हणेल, मग ड्वेल पूर्ण उघडावं, हात कसाही असो. तसं करून पाहिलं की कळतं: नको ती प्रत्येक खरखर, बोट सरकल्याची कुरकुर, शेजारच्या तारेला झालेला ओझरता स्पर्श, सगळं तितक्याच जोरानं भिजून येतं. ड्वेल वाढवल्यावर हाताचं काम कमी होत नाही, वाढतं.

हा कोरडा हात आला कुठून? एकच नाव घ्यायचं तर डिक डेल. जन्म 1937, बॉस्टनचा; मूळ नाव रिचर्ड मन्सूर; वडिलांकडून लेबनीज. घरच्या मंडळींत ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजे, दरबुका हे चर्मवाद्य वाजे, आणि दरबुक्याचा ठेका त्याच्या हातात मुरलेला. ड्रम वाजवणारा जीन क्रुपा त्याचा आदर्श. थोडक्यात, गिटार धरणारा हा माणूस मनानं तालवाद्यवाला. त्यात डावखुरा, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, त्यामुळे जाड तार जमिनीकडे. 1962 चं त्याचं ‘मिसर्लू’ 1994 मध्ये ‘पल्प फिक्शन’च्या सुरुवातीला वाजलं आणि जगभर पोचलं. मूळ चाल पूर्व भूमध्य किनाऱ्यावरची, तिचं ग्रीक ध्वनिमुद्रण 1927 चं, नावाचा अर्थ मिसर देशची, म्हणजे इजिप्तची, बाई. चाल संथ. डेलनं ती जाड तारेवर घेतली आणि पिकचे खाली-वर आघात सेकंदाला दहाच्या वर नेले. मुखड्याचे स्वर लिहून काढले तर आपल्याकडचा माणूस चमकेल: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. हा भैरवाचा थाट. थाटच, राग नव्हे. भैरवातलं रिषभ-धैवताचं आंदोलन इथे औषधालाही सापडणार नाही. त्याची जागा आघातांनी घेतली आहे. गिटारचा सूर छेडला की विझू लागतो, बासरीसारखा धरून ठेवता येत नाही. सतारिया झाल्यात जे करतो, दा-रा, दा-रा, त्याच जातीचं काम डेल करतो: सूर लांबवायचा तर तो सतत तोडत राहायचा. ऐकणाऱ्याला अखंड लाट वाटते. हाताला ती शेकडो तुकड्यांची रांग असते.

सामान या हाताच्या मागोमाग आलं, आणि हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. डेलच्या गिटारवरची सर्वांत जाड तार 0.060 इंचांची, आज दुकानातल्या साध्या संचात ती 0.046 ची असते. इतकी जाड तार इतक्या जोरानं वाजवली की त्या काळचे अँप आणि स्पीकर टिकत नसत. बाल्बोआच्या रॉन्देवू बॉलरूममध्ये 1961 पासून तो वाजवू लागला, आणि कंपनीचा संस्थापक लिओ फेंडरनं आपले नमुने त्याच्याकडेच मोडायला दिले म्हणा ना. गर्दीनं भरलेला हॉल आवाज शोषून घेतो, रिकाम्या कारखान्यात पुरेसा वाटणारा अँप तिथे अपुरा पडतो, हे लिओनं गर्दीत उभं राहून ऐकल्यावर त्याला पटलं, अशी हकिगत डेल सांगत असे. त्यातून पंधरा इंची जेबीएल स्पीकरांचा शोमन आणि मग दोन स्पीकरांचा ड्युअल शोमन घडत गेला. या अँपांचं वैशिष्ट्य नुसता मोठेपणा नाही. मोठे होऊनही ते फाटत नाहीत. फाटलेला आवाज आघाताचं टोक गोल करतो आणि स्प्रिंगेला टोकच हवं असतं. गिटारींचंही तसंच. 1958 ची जॅझमास्टर फेंडरनं काढली जॅझवाल्यांसाठी. त्यांनी तिला फारसं जवळ केलं नाही, सर्फवाल्या पोरांनी उचलली. 1962 च्या जॅग्वारच्या ब्रिजपाशी तर तारा दाबून धरणारी यांत्रिक पट्टीच दिली होती, म्हणजे कोरडेपणा कारखान्यातूनच बसवून. बहुतेकांनी ती पट्टी वापरली नाही, कारण तळहाताची कड ते काम जास्त चांगलं करते: ब्रिजच्या अगदी काठावर ठेवली तर तार किंचित गुंजते, अर्धा इंच पुढे सरकवली तर नुसता ठोका उरतो. सर्फचं निम्मं कौशल्य या अर्ध्या इंचात आहे. या दोन्ही गिटारींच्या ब्रिजवरून बारीक तार जोराच्या आघातानं खाचेबाहेर उडते, ही जुनी तक्रार. जाड तारा घातल्या की ती बरीचशी मिटते, आणि मग बेंड घेणं अवघड होतं. म्हणून तर ब्लूजसारखे ताणलेले सूर इथे कमी; त्यांचं काम व्हायब्रेटोच्या दांडीवर आणि तारेवरून घसरत येणाऱ्या बोटावर भागवलं जातं. शांटेज या सांता ॲनाच्या शाळकरी मुलांच्या ‘पाइपलाइन’ची सुरुवात आठवा, जाड तारेवरून खाली कोसळत येणारी ती घसरण.

आक्षेप येतो तो समुद्राचा. हे संगीत लाटांचं, किनाऱ्याचं, फळीवर उभं राहणाऱ्यांचं. त्याला हाताच्या अर्ध्या इंचावर आणून ठेवणं म्हणजे गणपती सोडून मखराची मापं घेणं. नाव किनाऱ्यानं दिलं हे कबूल. रॉन्देवूत नाचायला येणारी पोरं दिवसभर लाटांवर असत, आणि लाटेचा जोर तारेत आणायचा आहे असं डेल म्हणे, तो स्वतः सर्फ करणारा होता. पण 1963 चं ‘बाहा’ वाजवणारे ॲस्ट्रोनॉट्स कोलोरॅडोतल्या बोल्डरचे, रॉकी पर्वताच्या पायथ्याचे. समुद्र तिथून हजारेक मैल. ‘सर्फिन बर्ड’वाले ट्रॅशमेन मिनियापोलिसचे. उलट बीच बॉइजची गाणी लाटांबद्दल असूनही त्यांचं खरं सामर्थ्य गळ्यांच्या मेळात आहे, आणि त्यांच्यात नियमित सर्फ करणारा एकटा डेनिस विल्सन. समुद्र ही प्रेरणा होती, मान्य, पण आवाज प्रेरणेनं निघत नसतो. बोल्डरच्या मुलांना जे जमलं ते हातानं आणि डब्यानं जमलं.

याहून अवघड आक्षेप माझ्याच साक्षीदाराकडून येतो. सर्फ वाद्यसंगीताची सुरुवात ज्या तबकड्यांपासून धरतात त्यांतल्या दोन 1961 च्या: डेलची ‘लेट्स गो ट्रिपिन’ आणि बेल-एअर्सची ‘मिस्टर मोटो’. दोन्हींत तो भिजलेला स्प्रिंगेचा आवाज नाही. डेलनं डबा मागितला तोही मुळात गाताना आपला सूर टिकावा म्हणून, आणि सर्फ म्हणजे तारेवरचे तुटक आघात, रीव्हर्ब नव्हे, असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. 2019 मध्ये तो गेला. मग डब्याची गरजच काय? बेल-एअर्समध्ये नेमका यावरच वाद झाला. एडी बर्ट्रंडला रीव्हर्ब हवा होता, पॉल जॉन्सनला नको होता, आणि बर्ट्रंडनं बाहेर पडून शोमेन हा आपला बँड काढला. मला दोघांचंही बरोबर वाटतं, हे कुंपणावर बसल्यासारखं दिसेल, पण कारण आहे. हात आधी आला यात शंका नाही. मात्र कोरडा हात एकटा असता तर तो रॉक अँड रोलचाच एक कडक प्रकार म्हणून विसरला गेला असता. ड्वेन एडी, लिंक रे, इंग्लंडातले शॅडोज असे गिटारचे दमदार वाद्यतुकडे आधीपासून होतेच. ड्वेन एडीच्या मागे घुमारा होता तोही फीनिक्समधल्या पाण्याच्या रिकाम्या टाकीतून काढलेला, आणि तो ऐका: टाकी त्याच्या सुराला मोठं करते, त्याला उलट उत्तर देत नाही. स्प्रिंग देते. व्हेंचर्सनी तर हा प्रयोग आयताच करून ठेवला आहे. ‘वॉक, डोन्ट रन’ त्यांनी 1960 मध्ये वाजवलं आणि 1964 मध्ये सर्फच्या धाटणीत पुन्हा वाजवलं. चाल एकच. पहिल्यात गिटार बोलते, दुसऱ्यात गिटार बोलते आणि मागून कुणीतरी तिला चिडवतं. दोन्ही अमेरिकेत पहिल्या दहांत पोचली, म्हणजे श्रोत्यांनीही कौल एका बाजूला दिला नाही.

राहिला आजचा प्रश्न. संगणकात हा डबा आता जवळपास फुकट मिळतो. टाकीत एक ‘टक’ सोडून तिचं उत्तर नोंदवायचं आणि मग कुठल्याही आवाजाला तेच लावायचं. हलक्या हातानं वाजवणाऱ्याला ते पुरतं. पण अशा नोंदीत स्प्रिंग नेहमी एकाच स्वभावाची असते, दुप्पट जोर लावला तर बरोबर दुप्पट बोलते. खऱ्या डब्यात जोर वाढला की स्प्रिंगेला ढकलणारी व्हॉल्व्ह दमायला लागते, उत्तराचा पोत बदलतो, आणि म्हणून हाताच्या प्रत्येक आघाताला वेगळा थेंब पडतो. चालू असलेल्या डब्याला चुकून गुडघा लागला तर ढगफुटीसारखा जो कडकडाट होतो तोही अशा नोंदीत मिळत नाही. चांगली नवी सॉफ्टवेअरं हेही बऱ्यापैकी साधतात, आणि परवडत नसताना साठ वर्षांपूर्वीचा डबा शोधत बसण्यात अर्थ नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. भांडण आहे ते आधी रीव्हर्ब लावून मग गिटार हातात घेण्याशी. घुमारा चुका झाकतो असं वाटून माणूस सुखावतो, आणि सर्फचा रीव्हर्ब नेमका चुका दुप्पट करून दाखवणारा. तेव्हा ‘पाइपलाइन’ बसवायला घेतलीत तर रीव्हर्ब पूर्ण बंद करा, तळहाताची कड ब्रिजवर ठेवा आणि मुखडा ठोके वेगवेगळे मोजता येईपर्यंत कोरडाच वाजवा. मग ड्वेल उघडा, आणि तेही अर्ध्याच्या पुढे नको.